पीएचडीला फेलोशिप शोधताय? आधी ऋणनिर्देश वाचा

पीएचडीला ॲडमिशन मिळतं पण पैसे कुठून आणायचे हेच कळत नाही, नेटवर सगळ्या याद्या त्याच त्या. मी परवा शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत बसून एक साधी गोष्ट केली, लई उपयोग झाला.

१. शोधगंगा साइट उघडा, विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथं असतात, फुकट आहे. शिवाजी विद्यापीठ, मग आपलं डिपार्टमेंट निवडा.

२. मागच्या चार-पाच वर्षांतले आपल्या विषयाजवळचे प्रबंध काढा आणि फक्त ॲकनॉलेजमेंटची (ऋणनिर्देशाची) पीडीएफ उघडा, बाकी काही वाचू नका. फेलोशिप कुणी दिली त्यांचे आभार बहुतेक जण तिथंच मानतात, सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था, यूजीसीची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग म्हणजे डीएसटी, असं काय काय सापडतं.

३. नावं वहीत लिहा, गाईडचं नावपण लिहा, आणि त्या डिपार्टमेंटला जाऊन सीनियरला सरळ विचारा की कागद कुठले लागले. लोक मनापासून सांगतात हो.

फक्त जुन्या प्रबंधातली योजना आज चालू असेलच असं नाही, मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, म्हणून अर्ज करायच्या आधी त्या संस्थेच्या साइटवर यंदाची जाहिरात बघाच. आणि जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर लागणार असेल तर आजच कामाला लागा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.