शिट्टी वाजत नाहीये? या चुका टाळा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात लुईसबर्ग नावाचं गाव आहे, तिथे २०१३ पर्यंत शिट्टी वाजवणाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरायचं. तिकडे लोक शिट्टीचा एक हौशी दिवसही साजरा करतात, सरकारी सुट्टी वगैरे काही नाही, नुसती मजा. मला हे मनापासून पटतं, कारण शिट्टी हे खरंखुरं वाद्य आहे आणि ते आपल्या तोंडातच आहे. तरी बरेच जण "मला नाही जमत" म्हणून सोडून देतात, आणि कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर लावून फुंकणं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हलकेच फुंकलं की कशी घुमते, तसंच इथे आहे, आतली हवा घुमली पाहिजे, त्यामुळे जोरात फुंकलं की नुसता फुस्स आवाज येतो. गाल फुगवू नका. ओठ कोरडे असतील तर जिभेने जरा ओले करा, पण लिपबामचा जाड थर नको.

दुसरी गोष्ट, सूर बदलायला लोक ओठ हलवत बसतात. ओठ ठेवा स्थिर, काम जिभेचं आहे. "ऊ" म्हणताना जीभ मागे जाते, "ई" म्हणताना पुढे येते ना, तसंच करा, जीभ पुढे आली की तोंडातली जागा कमी होते आणि सूर चढतो. हे एकदा कळलं की गाणं वाजवता येतं, खरंच! श्वास आत ओढतानाही शिट्टी वाजते, ती शिकलात तर मधे सूर तुटत नाही.

बोटं घालून वाजवायची असेल तर जिभेचं टोक मागे दुमडायचं आणि बोटांनी धरून ठेवायचं, तेच बरेच जण विसरतात. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा या बेटावर लोक अशाच शिट्टीने दरीपलीकडच्या माणसाशी चक्क बोलतात, २००९ साली युनेस्कोने त्या भाषेला वारशाच्या यादीत घेतलं आणि तिथल्या शाळेतही ती शिकवतात.

आणि सलग फुंकत राहू नका हं, शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरायला लागतं. तसं झालं तर खाली बसा, नेहमीसारखा श्वास घ्या, बरं वाटलं की मग पुन्हा सुरू करा.