फिटनेस ट्रॅकर घेण्याआधी माहिती कुठे साठते ते पाहा
फिटनेस ट्रॅकर निवडताना बॅटरी किती दिवस टिकते यापेक्षा मनगटावर मोजलेली माहिती शेवटी कुठे जाऊन साठते, हे आधी तपासावे. हृदयाचे ठोके, झोपेच्या वेळा, मासिक पाळीच्या नोंदी आणि धावण्याचा मार्ग हे सर्व बहुतेक ट्रॅकर फोनमधील ॲपकडे आणि तेथून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. म्हणून खाते न उघडता ट्रॅकर चालतो का, हा पहिला प्रश्न विचारावा. अँड्रॉइडवरील गॅजेटब्रिज हे मुक्तस्रोत ॲप अनेक ट्रॅकरांची माहिती फोनमध्येच ठेवते. मात्र काही मॉडेलांची पहिली जोडणी कंपनीच्या ॲपशिवाय होत नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी गॅजेटब्रिजच्या यादीत आपले मॉडेल शोधलेले बरे.

स्थानाची नोंद मला सर्वांत नाजूक वाटते. नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली, हा समज खरा नाही: जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या, वापरकर्त्यांची नावे वगळलेल्या, जागतिक नकाशावरून लष्करी तळांमधील धावण्याच्या वाटा उघड झाल्याचे लक्षात आले होते. घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असेल, तर ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

गोपनीयता धोरण पूर्ण वाचणे जमले नाही, तरी जाहिरातदारांना काय दिले जाते एवढे अवश्य पाहावे. जुना ट्रॅकर दुसऱ्याला देताना तो फॅक्टरी रीसेट केला, तरी सर्व्हरवरील नोंदी तशाच राहतात. त्या खात्यात जाऊन वेगळ्या पुसाव्या लागतात.