पिकअपच्या इंजिनाचा आवाज: आधी ओळखावा, मग थांबवावा

पिकअपच्या इंजिनातून नवा आवाज येऊ लागला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'हा आवाज कसला?' माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न 'आवाज केव्हा येतो?' हा असायला हवा. इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, गाडी जागेवर उभी असताना येतो की भरलेली गाडी चढ चढताना, क्लच दाबल्यावर त्यात काही फरक पडतो का, या गोष्टी दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवल्या, तर बॉनेट उघडण्यापूर्वीच अर्धे निदान झालेले असते. टकटक, खडखड, घरघर या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या कानाला वेगळा लागतो. मात्र 'सकाळी पहिली पाच मिनिटे येतो आणि नंतर जातो' या वाक्याचा अर्थ सर्वांना एकच कळतो.

चालू इंजिनाजवळ वाकायचे असल्याने थोडी काळजी आवश्यक आहे. गाडी सपाट आणि मोकळ्या हवेत उभी करावी, कारण बंद शेडमध्ये इंजिन चालवल्यास धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेऊ शकतो. हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, आणि सैल बाह्या, ओढणी, मफलर, मोकळे केस पंखा व पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

तपासणीची सुरुवात नेहमी डिपस्टिकपासून करावी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, तेल खाली उतरल्यावर पातळी पाहावी. तेल कमी असेल, फार जुने झाले असेल किंवा उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे नसेल, तर वरच्या बाजूचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग) वाजू लागतात आणि त्या आवाजात खरा बिघाड झाकला जातो. अशा वेळी योग्य ग्रेडचे तेल आणि नवा फिल्टर घालून मगच पुन्हा ऐकावे. आवाज दबावा म्हणून मुद्दाम जास्त जाड तेल घालण्याची सवय मला घातक वाटते, कारण त्याने झीज थांबत नाही, फक्त तिची सूचना मिळायची बंद होते, आणि थंड इंजिनात तेल वरपर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागतो.

यानंतर ठोक्यांची लय ऐकावी. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह चालवणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. जागेवर उभे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात वेळा वाजतो. क्रँकशाफ्टशी निगडित ठोका सहसा त्याच्या दुप्पट गतीने, सेकंदाला तेरा वेळा ऐकू येतो. सवय झाली की बोटाने ताल धरून हा फरक ओळखता येतो. जागा शोधण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप उत्तम; नसल्यास लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावी. टोक व्हॉल्व्ह कव्हरवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर) असताना आवाज बारीक व कोरडा लागतो, तेच ऑइल पॅनजवळ (तळाच्या तेलाच्या भांड्याजवळ) नेल्यावर मंद झाला तर दोष वरच्या भागात आहे असे समजावे. टोक इंचाइंचाने सरकवत जावे आणि जिथे ठोका कानात टोचल्यासारखा होतो तिथे खडूने खूण करावी.

टकटकीबाबत सर्वाधिक चूक होते ती टॅपेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीची) गळती यांच्यात. एकाच सिलिंडरजवळ गळती असेल, तर तिचाही ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतो, त्यामुळे लय अगदी टॅपेटसारखीच भासते. एका पिकअपचे टॅपेट दोनदा सेट करूनही सकाळची टकटक गेली नव्हती. शेवटी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला पाहिले, तेव्हा मॅनिफोल्ड हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) आवळणाऱ्या, तुटलेल्या स्टडशेजारी बोटाच्या पेराएवढा काजळीचा काळा पट्टा दिसला. हेडचा आणि मॅनिफोल्डचा धातू तापून प्रसरण पावला की ती फट मिटत होती आणि आवाज जात होता. फरक ओळखण्याची खूण अशी: हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारे) टॅपेट तेल पोहोचताच काही सेकंदांत शांत होतात, गळतीची टकटक धातू तापेपर्यंत काही मिनिटे टिकते आणि अॅक्सिलरेटर दाबून इंजिनावर भार आला की वाढते. स्टड काढण्यापूर्वी त्यावर गंज सैल करणारे तेल आदल्या दिवसापासून मुरू द्यावे आणि घाई करू नये. हेडमध्ये तुटलेला स्टड ड्रिलने काढणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम होते.

पट्ट्याचा आवाज तपासणे त्या मानाने सोपे आहे. चालू पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडे पाणी मारावे. चिवचिवाट क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत; किंचाळणे वाढले, तर पट्टा सैल आहे किंवा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) थकला आहे. पट्ट्याला लावायच्या फवाऱ्याने दोष जात नाही. घरघर येत असल्यास इंजिन बंद करून पट्टा काढावा व प्रत्येक पुली हाताने फिरवावी; वाळू भरल्यासारखी लागणारी किंवा डुलणारी पुली दोषी असते.

खोल, जड ठोका मात्र गांभीर्याने घ्यावा. इंजिनावर भार असताना वाढणारा आणि इंजिन तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर अधिक स्पष्ट होणारा ठोका बहुधा कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो. पेट्रोल इंजिनात एकेका इंजेक्टरचा प्लग क्षणभर काढून पाहावे. ज्या सिलिंडरचा प्लग काढल्यावर ठोका मंदावतो, तिथला रॉड तपासावा. डिझेल कॉमन रेलमध्ये (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या इंजिनात) ही चाचणी स्कॅनरवरूनच करावी. जुन्या पंपाच्या इंजिनाप्रमाणे इंजेक्टरची पाइप चालू इंजिनात सैल करू नये, कारण हजार बारहून अधिक दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. रॉडच्या ठोक्याची खात्री झाली की गाडी टो करून न्यावी. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

थंड डिझेलची खडखड हा पुष्कळदा दोष नसतो: थंड सिलिंडरमध्ये इंधन पेटायला उशीर होतो, साठलेले इंधन एकदम पेटते आणि आवाज कडक येतो. उलट, पेट्रोल इंजिन चढावर किणकिणत असेल तर इंधनाचा ऑक्टेन (आपोआप न पेटण्याची क्षमता), जादा तापमान आणि साचलेला कार्बन तपासावा. क्लच दाबताच येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, तर दाबताच जाणारा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा समजावा. गिअर टाकताना धप्प होत असेल, तर इंजिनाची माउंटिंग पाहावी. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) थंड असताना रबरी हातोडीने ठोकून पाहावी. सैल निघाल्यास स्टीलच्या पट्टीच्या क्लॅम्पने ती घट्ट बसते.

बिघाड निघाल्यावर जो उरतो तो इंजिनाचा स्वाभाविक आवाज, आणि केबिनमध्ये शिरणारा त्याचा वाटाच कमी करता येतो. पाण्याप्रमाणे आवाजही फटीतून येतो. म्हणून आधी फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या) वायरी, केबल व स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचे रबर पाहावे, फाटलेले बदलावे, आणि अंधारात एकाने बॉनेटखाली प्रखर दिवा धरून दुसऱ्याने केबिनमधून उजेडाचे ठिपके शोधावेत. पत्र्याचा कंप मोडण्यासाठी ब्युटिल (चिकट रबरी) शीट सपाट भागाच्या साधारण पाव ते निम्म्या क्षेत्रावर पुरेशी होते. सगळा पत्रा मढवण्याने वजनच वाढते. तिच्यावर बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड व्हिनाइलचा थर घातल्यास हवेतून येणारा आवाज अडतो. बॉनेटखाली फक्त उष्णता सहन करणारे, ज्वलनरोधक अस्तर लावावे, ते मॅनिफोल्ड, टर्बो आणि पंख्यापासून दूर राहील आणि रेडिएटरकडे जाणारी हवा अडवणार नाही हे पाहावे. काम झाल्यावर पहिल्या लांब फेरीनंतर इंजिन थंड करून अस्तराच्या कडा, क्लॅम्प आणि क्लिपा पुन्हा एकदा हाताने चाचपून घट्ट कराव्यात.