आरसी रणगाड्याचे ट्रॅक: आधी स्प्रॉकेट मोजा, मग खरेदीला निघा

"धातूचे ट्रॅक घाल, सगळं सुरळीत होईल." 1:16 चा, म्हणजे खऱ्याच्या एक-सोळांश मापाचा रेडिओ कंट्रोल रणगाडा घेतलेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स वाया जातात. ट्रॅक ही सुटी वस्तू नाही. ट्रॅक (पिनांनी जोडलेल्या कड्यांचा पट्टा), स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक), आयडलर (दुसऱ्या टोकाचं, ताण ठरवणारं मोकळं चाक) आणि गिअरबॉक्स मिळून एक संच होतो. एक बदललं की बाकी तिघांचा विचार करावाच लागतो. मी इथे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर 1 धरून लिहितोय, कारण ट्रॅकच्या सगळ्या कटकटी त्या एका रणगाड्यात भेटतात.

घरात फरशीवर चालवणार असाल तर प्लास्टिकचे ट्रॅक ठेवा. धातूचा ट्रॅक गुळगुळीत फरशीवर घसरतो आणि ओरखडेही पाडतो. मैदानात, मुरमावर, मातीत उतरायचं असेल तर धातूचे घ्या. पण त्याआधी गिअर स्टीलचे, स्प्रॉकेट आणि आयडलर धातूचे झालेले हवेत. प्लास्टिकच्या स्प्रॉकेटवर धातूच्या कड्या चढवल्या की थोड्याच वेळात दातांच्या बुडाशी पिठासारखी भुकटी साठलेली दिसते. तो तुमचा स्प्रॉकेट झिजतोय.

रुंदीचं फार डोकं खाऊ नका. खऱ्या टायगरला लढाईसाठी 725 मिमीचे आणि रेल्वेने नेताना 520 मिमीचे, असे दोन ट्रॅक होते. 1:16 मध्ये ते साधारण 45 आणि 32.5 मिमी होतात. अरुंद ट्रॅक लावायचे तर बाहेरची चाकं काढावी लागतात, खऱ्या टायगरचीही काढत असत.

खरी बघायची गोष्ट म्हणजे पिच, एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर. खऱ्या टायगरचं पिच 130 मिमी होतं, म्हणजे मॉडेलमध्ये 8.1 मिमीच्या आसपास. पण पाकिटावर 1:16 आणि टायगर लिहिलंय म्हणून एका उत्पादकाचा ट्रॅक दुसऱ्याच्या स्प्रॉकेटवर बसेलच असं नाही. ट्रॅक सपाट ठेवून ताणून धरा, पहिल्या पिनपासून अकराव्या पिनपर्यंत व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि दहाने भागा. एकच कडी मोजून काही कळत नाही, पिनचा ढिलेपणा त्यात लपून जातो. मग ट्रॅक स्प्रॉकेटवर हाताने अर्धा वेढा गुंडाळा. पहिल्या कडीत दात खाचेच्या मधोमध आहे आणि शेवटच्या कडीत तो एका भिंतीला टेकलाय, तर पिच जुळलेलं नाही. एका कडीमागे 0.1 मिमीचा फरक दहा कड्यांत 1 मिमी होतो, आणि तेवढ्यात ट्रॅक दातांवर चढतो. म्हणून ट्रॅक आणि स्प्रॉकेट एकाच उत्पादकाचे, जोडीनेच घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

स्वतः स्प्रॉकेट बनवणार असाल तर पिचला 180 अंश भागिले दातांची संख्या या कोनाच्या साइनने भागा. येतो तो पिनांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. टायगरचे 20 दात आणि 8.1 मिमी पिच धरलं तर 51.8 मिमी. हा चाकाच्या कडेचा व्यास नव्हे; कडा त्याच्या आत राहते. थ्रीडी प्रिंटरवर कड्या काढताना कडी आडवी झोपवून काढा, म्हणजे ओढ थरांच्या दिशेने येते. उभी काढलेली कडी बिजागरीपाशीच फुटते. पिनला सायकलचा 2 मिमीचा स्पोक उत्तम, कोणत्याही सायकल दुकानात मिळतो.

जोडणी सोपी आहे: कड्यांच्या कडांना राहिलेले खरबरीत बर कानसेने काढा, पिना घाला, आणि ट्रॅक एका टोकाने उचलून धरा. प्रत्येक कडी आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे. अडकलेली कडी मोकळी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ताण. सुरुवातीला मला सगळ्यात जास्त पिडलं ते यानेच, आणि चुकीचा सल्लाही सगळ्यात जास्त इथेच मिळतो: "ट्रॅक निघतोय? आवळ." आवळू नका. आवळलेला ट्रॅक प्रत्येक पिनवर घासतो, आयडलरचा ॲक्सल वाकवतो, मोटर तापवतो. आणि दातात मुरमाचा खडा अडकला की ताण जायला जागाच नसते; मग दात तुटतो नाहीतर कडी.

टायगरला ट्रॅक वर उचलून धरणारे रिटर्न रोलर नाहीत. स्प्रॉकेटवरून मागे येणारा ट्रॅक मोठ्या चाकांच्या माथ्यावर उतरला पाहिजे आणि त्यांच्यावर विसावतच आयडलरकडे गेला पाहिजे. चाकांच्या वर हवेत सरळ ताणलेला दिसला तर तो जास्त आवळलाय. अमेरिकन शर्मन रणगाड्याचं वेगळं, तिथे रोलर आहेत, झोळ कमीच दिसतो. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाणं झालं तर तोफांचे फोटो काढून झाल्यावर खाली वाकून ट्रॅक बघा.

ताण बघायचा तो रणगाडा जमिनीवर ठेवून, आत बॅटरी घालून. हातात उचललेल्या रणगाड्याची चाकं खाली लोंबतात, ट्रॅक ताठ वाटतो. जमिनीवर ठेवला की सस्पेन्शन दबतं आणि तोच ट्रॅक ढिला पडतो. आधी जमिनीवर झोळ ठरवा, मग उचलून स्प्रॉकेट बोटाने फिरवून बघा. तेव्हाही तो अडखळता कामा नये. दोन्ही जमलं तरच ताण बरोबर.

यानंतरची परीक्षा बहुतेक जण देतच नाहीत. टायगरचा स्प्रॉकेट पुढे असतो. पुढे जाताना तो वरचा ट्रॅक ओढून ताठ ठेवतो, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. मागे घेताना तो खालचा ट्रॅक ओढतो आणि सगळा ढिलेपणा वर, स्प्रॉकेटच्या मागे गोळा होतो. म्हणून गवतावर मागे घेत घेत वळवा. टक्-टक् असा आवाज फक्त याच वेळी आला तर आयडलर किंचित मागे घ्या, अगदी किंचित. पुढे जातानाही आवाज येत असेल तर आयडलरला हात लावू नका. पिच पुन्हा मोजा. ट्रॅक आवाज न करता आयडलरवरून आतल्या बाजूला उतरत असेल, तर वरून पोलादी पट्टी लावून स्प्रॉकेट, चाकं आणि आयडलर एका रेषेत आहेत का बघा. तिथे एक वॉशर पुरतो. टी-34, टी-55, सेंच्युरियन या रणगाड्यांचा स्प्रॉकेट मागे असतो, म्हणून त्यांचा वरचा ट्रॅक पुढे जातानाच झोळ दाखवतो. तो दोष नव्हे.

पिनांना तेल लावू नका. तेलात धूळ बसते आणि तीच पिना घासून खाते. ग्राफाइटची पूड चोळा.

नवे ट्रॅक पहिल्या काही फेऱ्यांत लांबतात. पिनांची भोकं बसत जातात आणि झोळ वाढतो. आयडलर मागच्या टोकाला पोचला की एक कडी काढायची वेळ आली. काढाल तेव्हा दोन्ही बाजूंची एकदमच काढा. एकाच बाजूची काढली तर दोन्हीकडचा ताण वेगळा होतो आणि रणगाडा सरळ चालताना एका अंगाला ओढू लागतो.