व्हिक्टोरियन गावातले हरवलेले पब आणि बिअरहाऊस कसे शोधायचे

इंग्लंडमधल्या स्विंडनला गोव्याहून आलेली खूप कुटुंबं राहतात, आणि एकाला एक चिकटलेल्या विटांच्या ज्या घरांत ती राहतात त्यातलं कोपऱ्यावरचं एखादं घर दीडशे वर्षांपूर्वी बिअरहाऊस असू शकतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना इथे १८४३ साली सुरू झाला, कामगार आले, आणि त्यांच्या मागोमाग पिण्याच्या जागाही आल्या. काही अजून चालू आहेत, जसा रेल्वे व्हिलेजमधला (रेल्वेने कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीतला) ग्लू पॉट, पण कितीतरी गायब झाल्या. त्या शोधायची पद्धत सांगते, दुसऱ्या गावालाही हीच चालेल.

आधी पब आणि बिअरहाऊस यांतला फरक नीट समजून घ्या. १८३०च्या कायद्याने स्थानिक कर भरणाऱ्या कुणालाही वर्षाला दोन गिनी (तेव्हाचं चलन) भरून थेट एक्साइजकडून, म्हणजे अबकारी खात्याकडून, बिअर विकायचा परवाना मिळायला लागला, मॅजिस्ट्रेटची परवानगी लागायची नाही, फक्त जिन, ब्रँडी, वाइन विकता यायची नाही. मग लोकांनी घराच्या पुढच्या खोलीतच बाकडी टाकून धंदा सुरू केला. नवीन बिअरहाऊसवर मॅजिस्ट्रेटचा ताबा आला तो १८६९ मध्ये, त्यामुळे त्याआधीचं बिअरहाऊस त्यांच्या कागदांत दिसलं नाही तर निराश होऊ नका, ते तिथे असणारच नव्हतं.

म्हणून सुरुवात करा जुन्या व्यापारी डिरेक्टरींपासून, म्हणजे गावातल्या धंदेवाल्यांची नावं-पत्ते छापलेल्या पुस्तकांपासून, केलीज वगैरे. लेस्टर विद्यापीठाने बऱ्याच स्कॅन करून फुकट ठेवल्यात. इथे लोक हमखास फसतात: पब त्याच्या नावाने सापडतो, पण बिअरहाऊसचं नाव बहुतेकदा नसतंच, नुसतं माणसाचं नाव, रस्ता आणि पुढे 'बिअर रिटेलर'. म्हणजे पाटीवरचं नाव शोधत बसू नका, माणूस शोधा. एक साधी एक्सेल शीट करा, वर्ष, माणूस, रस्ता, धंदा, आणि प्रत्येक डिरेक्टरीतून भरत जा.

मग तीच नावं जनगणनेत बघा, १८४१ पासून १९२१ पर्यंत दर दहा वर्षांनी. मला सगळ्यात जास्त इथेच रमायला होतं. नवरा दिवसभर कारखान्यात बॉयलरच्या कामावर आणि बिअर बायको विकतेय, किंवा नवरा गेल्यावर परवाना विधवेच्या नावावर झालाय, अशी घरं भेटतात, आणि त्या बायकांची नावं दुसरीकडे कुठेच येत नाहीत, म्हणून शीटमध्ये त्यांना वेगळा कॉलम द्या. घर नंबरांवर मात्र विश्वास टाकू नका, नंबर बदलतात आणि रस्त्यांची नावंसुद्धा, रेल्वे व्हिलेजमधली हाय स्ट्रीट पुढे एमलिन स्क्वेअर झाली. शेजारी खाटीक किंवा बेकरीवाला कोण होता ते लिहून ठेवा, त्यावरून जागा पक्की होते.

जागेसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे) जुने मोठे नकाशे, स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेही फुकट मिळतात. 'पी.एच.' म्हणजे पब्लिक हाऊस, 'बी.एच.' म्हणजे बिअरहाऊस.

वर्तमानपत्रं सोडूच नका. स्विंडन ॲडव्हर्टायझर १८५४ पासून आहे. दरवर्षी मॅजिस्ट्रेटची परवान्यांची बैठक व्हायची, ब्रूस्टर सेशन्स, तिच्या बातमीत परवाना कुणाचा कुणाकडे गेला, कुणाचा अडकला सगळं येतं. अपमृत्यूची चौकशीसुद्धा त्या काळी बऱ्याचदा पबमध्येच व्हायची, त्यामुळे 'इन्क्वेस्ट' हा शब्द टाकूनही शोधा. स्कॅन पुसट असतं, स्पेलिंग दोनतीन तऱ्हेने टाकून बघा.

परवान्यांची रजिस्टरं १८७२च्या कायद्यानंतरची, ती जिल्ह्याच्या अभिलेखागारात मागा, स्विंडनसाठी ते चिपनहॅमला आहे. १९०४च्या कायद्याने जास्तीचे पब नुकसानभरपाई देऊन बंद करायला सुरुवात झाली, म्हणून १९०५ नंतर एखादा अचानक गायब झाला तर भरपाईचे कागद आधी विचारा. १९१०च्या सुमारास सरकारने सगळ्या मालमत्तांचं मूल्यमापन केलं होतं, त्या वह्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यात कधीकधी खोल्यांचं वर्णनही असतं.

शेवटी शीट घेऊन चालत जा. तिरका कापलेला कोपरा, तिथलं विटांनी बुजवलेलं दार, खिडकीखालच्या चकचकीत टाइल्स, फुटपाथलगत तळघराचं झाकण, या खुणा अजून दिसतात. फोटो काढा, तारीख टाका, आणि आत राहणाऱ्यांना दार वाजवून विचारा, घराची जुनी खरेदीखतं बरेचदा त्यांच्याकडेच कपाटात असतात.