रिमोटचं हेलिकॉप्टर: या चुका जमिनीवरच टाळा

ड्रोन जमला म्हणजे हेलिकॉप्टरही जमेल, हा पहिला गैरसमज. जीपीएसवाल्या ड्रोनचे स्टिक सोडले तर तो हवेत थांबतो. कलेक्टिव्ह पिचचं, म्हणजे पात्यांचा कोन (पिच) बदलून वर-खाली जाणारं हेलिकॉप्टर स्टिक सोडताच कलंडायला लागतं. पण माणसाला जखमी करणाऱ्या चुका बहुतेक वेळा उडवताना नाही, त्याआधीच झालेल्या असतात.

उदाहरणार्थ, ४५० आकाराचं मॉडेल घ्या. मोठ्या पात्यांचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर. मिनिटाला २,८०० फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. याला खेळणं म्हणू नका. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका पार्कात १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच मॉडेलचं पातं लागून दगावला. तो नवशिकाही नव्हता.

आधी ट्रान्समीटर चालू करायचा, मग हेलिकॉप्टरची बॅटरी जोडायची. बंद करताना उलट. बॅटरी जोडण्याआधी थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर बंद ठेवणारं, बटण लावलेलं आणि आयडल-अप (पाती सतत वेगात ठेवणारा मोड) बंद हवं. आयडल-अप चालू राहिलं, तर थ्रॉटल खाली असूनही मोटर पूर्ण वेग घेऊ शकते, आणि तेव्हा आपला हात पात्यांजवळच असतो. होल्ड काढायचं ते दहा पावलं मागे गेल्यावरच. घरात टेबलावर सेटिंग करताना मोटरच्या वायरी सरळ काढून ठेवा. ‘मी नुसतं बघत होतो’ म्हणणाऱ्यांचीच बोटं कापतात.

बॅटरी जोडल्यावर जायरो (शेपूट स्थिर ठेवणारा सेन्सर) तयार होईपर्यंत मॉडेल हलवू नका. नंतर जायरोची दिशा तपासा, कारण ती उलटी असली तर हेलिकॉप्टर जमीन सोडताच भोवऱ्यासारखं फिरतं. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी स्टिक) उजवीकडे द्या आणि शेपटीचा स्लायडर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) कुठे सरकतो ते पाहा. मग स्टिक सोडून हेलिकॉप्टरचं नाक हाताने झटकन डावीकडे वळवा. स्लायडर मघाच्याच बाजूला सरकला पाहिजे. नाही सरकला तर जायरो रिव्हर्स करा.

शेपूट हवेत भराभर थरथरत असेल तर जायरोचा गेन (संवेदनशीलता) कमी करा. हळूहळू वाहवत असेल तर गेन वाढवण्याआधी शेपटीची पाती फिरवणाऱ्या बेल्टचा ताण बघा; बहुतेक लोक हे विसरतात.

लायपो बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवा. रिकामी होईपर्यंत उडवू नका: २,२०० एमएएचच्या बॅटरीत चार्जरने परत १,७६० पेक्षा (म्हणजे ८० टक्क्यांपेक्षा) जास्त भरलं, तर टायमर कमी करा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कितीही महाग पडलेली असो. आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत तर कुठलीच ठेवू नका.

पडायला लागलं की नवशिके थ्रॉटल खाली ओढतात. आयडल-अपमध्ये त्याने पात्यांचा पिच उणे होतो आणि मॉडेल जमिनीत आणखी जोरात घुसतं. होल्ड मारा, तेवढंच.

पडल्यावर नुसती पाती बदलून पुन्हा उडवणं ही सगळ्यात खर्चिक घाई. स्पिंडल (पाती धरणारा आडवा दांडा) आणि मेन शाफ्ट (मधला उभा दांडा) दोन्ही काढून काचेवर घरंगळवा. डगमगली तर नवी टाका. ठोकून सरळ केलेली शाफ्ट थरथरतच राहते.