दाताच्या खर्चात पैसे कुठे बुडतात: या चुका टाळा

"रूट कॅनालचा रेट काय?" दातांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, आणि पैसे बुडायला सुरुवातही इथूनच होते. रूट कॅनाल, म्हणजे आतली खराब नस काढून मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरणं, हा दाढ वाचवण्यातला मधला टप्पा आहे. त्याआधी एक्स-रे, नंतर कोअर बिल्डअप, म्हणजे पोखरलेली दाढ सिमेंटने पुन्हा उभी करणं, आणि शेवटी कॅप. एक दवाखाना फोनवर साडेतीन हजार सांगतो, दुसरा सात हजार. लोक साडेतीनकडे धावतात. तिथे एक्स-रे वेगळे, बिल्डअपचे हजार-दीड हजार वेगळे, कॅप वेगळी. सात हजारवाल्याने बिल्डअप आणि एक्स-रे आकड्यात आधीच धरलेले असतात, पण ते विचारतो कोण?

म्हणून विचारायचं ते असं: "या दाढेने मला पुन्हा नीट चावता येईपर्यंत एकूण किती?" आणि उत्तर कागदावर घ्यायचं: रूट कॅनाल, बिल्डअप, कॅप (कुठल्या प्रकारची तेही) आणि एक्स-रे. चार ओळी. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या खुर्चीत बसू नये. महाराष्ट्रातल्या शहरांत हा एकूण आकडा साधारण आठ ते अठरा हजारांच्या मध्ये कुठेतरी येतो. भाडं, भाग आणि डॉक्टर एमडीएस (दातांचा पदव्युत्तर तज्ज्ञ) आहे का, यावर तो हलतो.

आकड्यात खरा फरक वेळेचा असतो. वरच्या पहिल्या दाढेला बऱ्याचदा चार नळ्या असतात, त्यातली चौथी केसाएवढी बारीक. ती शोधायला वेळ लागतो आणि भिंग किंवा मायक्रोस्कोप असेल तर ती सापडण्याची शक्यता वाढते. घाईत तीन भरल्या की एक्स-रेवर सगळं छान दिसतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी मुळाशी पू होतो. मग री-आरसीटी, म्हणजे तेच रूट कॅनाल पुन्हा. ती पहिल्यापेक्षा महाग, कारण आधीचं भरलेलं सगळं उकरून काढावं लागतं, आणि वर बसवलेली कॅपही बहुधा फोडावी लागते. किती नळ्या सापडल्या, हे डॉक्टरला सरळ विचारा. आधीचा, मधला आणि शेवटचा असे तीन एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या. भरलेला पांढरा पदार्थ मुळाच्या टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत पोचलेला दिसला पाहिजे आणि टोकाबाहेर सांडलेला नको.

ठणका थांबला, म्हणजे काम झालं

या चुकीइतकी महाग चूक दुसरी नाही, आणि दर आठवड्याला कोणीतरी ती करतोच. खालच्या पहिल्या दाढेची नेहमीची केस घ्या. रात्रभर ठणका, सकाळी धावपळ, पहिल्या सिटिंगला नस काढली, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट. संध्याकाळी दुखणं गायब. पुढची तारीख आठवड्यानंतरची असते. त्या दिवशी ऑफिसात ऑडिट, मग दिवाळी, मग मुलाची परीक्षा. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांच्या कामाचं असतं. ते झिजतं, कडेने लाळ आणि जंतू आत शिरतात आणि साफ केलेली नळी पुन्हा घाण होते. त्याच वेळी दाढ वरून पोकळ असते, भिंती पातळ. मग एक दिवस चण्याचा दाणा किंवा सुपारीचं खांड दाताखाली येतं आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली, तर जगातला कुठलाही डॉक्टर ती दाढ वाचवू शकत नाही. काढावीच लागते. ज्या दाढेचं काम दहा-बारा हजारांत संपलं असतं, तिथे आता इम्प्लांटचे, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या कृत्रिम दाताचे, पंचवीस ते पन्नास हजार, किंवा ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या दातासाठी, शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासून लहान करायच्या.

"कॅप नंतर बघू" म्हणणारे याच रांगेतले. पुढच्या दाताला कधी कधी कॅपशिवाय चालतं. चावायच्या दाढेला शक्यतो नाही. हातात पैसे कमी असतील तर आधीच सांगा आणि स्वस्त कॅप लावून घ्या, पण लावून घ्या. अगदी मागच्या दाढेला तर पूर्ण धातूचीच कॅप उत्तम: दाढ कमी घासावी लागते, सिरॅमिकचा टवका उडायचा प्रश्न नाही आणि पैसेही सगळ्यात कमी. हसताना ती दिसत नाही, तरी लोक तिथे झिरकोनिया (दाताच्या रंगाची सिरॅमिक कॅप) मागतात. हौसेला मोल नसतं, इथे मात्र ते सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत असतं.

वॉरंटी कार्डाचंही तसंच. झिरकोनिया कॅपसोबत पाच, दहा, पंधरा वर्षांचं कार्ड मिळतं, ते त्या पदार्थाचं. कॅप तुटली तर नवी मिळेल. कॅपच्या कडेखाली कीड लागली, तर कार्ड काही देत नाही. ती कड ब्रशने रोज साफ करणं हे तुमच्याकडेच.

मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन ठणका "जिरवणं" हा शॉर्टकट तर कधीच नको. नस मेली की तिथला रक्तपुरवठा बंद, गोळी आत पोचणार कशी? सूज उतरते, पण दुखण्याचं मूळ जागेवरच राहतं. आणि दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

फुकट तपासणी शिबिरात "सात दातांना कीड" निघाली, तर लगेच खिशात हात घालू नका. दाढेच्या खळगीतली काळी रेघ नुसता डागही असू शकते. एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. खरंच कीड असेल, तर मात्र आजचं हजार-बाराशेचं सिमेंट पुढे ढकलू नका.

क्लिनिंगने दात हलायला लागतात, हे खोटं. दात आधीच हललेले असतात, दगडासारख्या किटणाने धरून ठेवलेले असतात.

मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसीत अपघात सोडला तर दातांचं काम बसत नाही.

खासगी परवडत नसेल, तर दात काढून टाकणं हा पर्याय पहिला नाही. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी. काम विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात. फी नाममात्र, पण वेळ मोजावा लागतो: सकाळी केसपेपरची रांग, आणि खासगीत दोन सिटिंगमध्ये होणारं काम तिथे चार-पाच फेऱ्यांत. रोजंदारी बुडणार असेल, तर तोही खर्च हिशेबात धरा.

सगळी रक्कम आगाऊ भरू नका, विशेषतः अलाइनरच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक साच्यांच्या पॅकेजची. महिन्यांचं काम आहे. पॅकेज कर्जाच्या हप्त्यांवर घेतलं आणि कंपनी किंवा दवाखाना मध्येच बंद पडला, तर हप्ते तुमच्याच खात्यातून जात राहतात, कारण कर्ज फायनान्सवाल्याचं असतं. टप्प्याटप्प्याने, काम होईल तसे पैसे द्या.

इम्प्लांट केलंच, तर खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि तुम्ही दुसऱ्या गावी असलात, तर तिथला डॉक्टर आधी तेच विचारणार. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, एकाचा दुसऱ्याला सहसा बसत नाही. स्टिकर फाइलमध्ये लावा आणि फोटोही काढून ठेवा, कारण त्यावरची शाई काही वर्षांत उडू शकते.